झडपेसोबत ठोक्याचाही बंदोबस्त: ऱ्हुमॅटिक मायट्रल रोगातल्या एका मेझ शस्त्रक्रियेचे प्रकरण

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. ऱ्हुमॅटिक झडपरोग (लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेली झडप) आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ (कर्णिकांचा विस्कटलेला, अनियमित ठोका), असे दुहेरी दुखणे घेऊन येणाऱ्या रुग्णांत जे पुन्हा पुन्हा दिसते, ते इथे एका रुग्णाच्या रूपाने मांडले आहे. मोजमापे आणि औषधांचे डोस अशा रुग्णांत नेहमी आढळणारे आहेत. ते वाचून कोणी स्वतःची गोळी बदलू नये.

रुग्ण आल्या तेव्हा

मराठवाड्यातल्या शेतमजुरी करणाऱ्या बाई, वय ४६, वजन ४८ किलो. दोन वर्षांपासून धाप. आधी डोक्यावर भारा घेऊन चालताना लागायची, आता घरातल्या घरात पाण्याची कळशी उचलली तरी लागते. रात्री दोन उशा लागतात. दोन महिन्यांपूर्वी सकाळी भाकरी थापताना उजवा हात अचानक लुळा पडला, जीभ जड झाली आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळे पूर्ववत झाले. घरच्यांनी अशक्तपणा म्हणून ते सोडून दिले. या सगळ्या कहाणीत सर्वांत धोक्याची खूण हीच होती.

अकराव्या-बाराव्या वर्षी गुडघे आणि घोटे सुजून ताप आला होता, महिनाभर शाळा बुडाली होती, हे थोरल्या बहिणीला आठवते. तेव्हा सुरू झालेली पेनिसिलिनची इंजेक्शने दोन-तीन घेऊन बंद पडली. बेंझाथिन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षे घ्यायचे असते. ते सुटले की घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसच्या प्रत्येक नव्या संसर्गाबरोबर झडप आणखी जाड होत जाते.

तीन वर्षांपूर्वीच्या एका ईसीजीत एएफ नोंदलेले आहे, म्हणजे दुखणे निदान तेवढे जुने. डिगॉक्सिन, मेटोप्रोलॉल, फ्युरोसेमाइड आणि रक्त पातळ ठेवणारी असेनोकुमारॉल अशा गोळ्या चालू होत्या. असेनोकुमारॉल त्या घेत होत्या, पण आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा) तपासायला तालुक्याच्या गावी जावे लागे, त्या दिवसाची मजुरी बुडे. शेवटची तपासणी पाच महिन्यांपूर्वीची. आल्या त्या दिवशी आयएनआर १.४ निघाला. एवढ्यावर गुठळीपासून संरक्षण मिळत नाही.

तपासण्यांतून पुढचे चित्र दिसले. मायट्रल झडपेचे तोंड ०.९ चौरस सेंटीमीटर (निरोगी झडपेत ते ४ ते ६ असते), झडपेच्या दोन बाजूंमधला सरासरी दाबफरक पाऱ्याच्या १२ मिलीमीटर, झडपेतून मध्यम गळतीही. विल्किन्स गुण, म्हणजे झडप किती खराब झाली याचे मोजमाप, ११: पाळ्या जाड, हालचाल कमी, खालचे दोरे एकमेकांत चिकटलेले, कॅल्शियम साचलेले. डावी कर्णिका ५८ मिलीमीटर. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मध्यम गळती, तिचे कडे ४२ मिलीमीटरपर्यंत ताणलेले. उजव्या जवनिकेचा दाब ५८. डाव्या जवनिकेची ताकद चांगली, ईएफ ५५ टक्के. अन्ननलिकेतून केलेल्या टीईई तपासणीत डाव्या कर्णिकेच्या अपेंडेजमध्ये, म्हणजे कर्णिकेला लोंबणाऱ्या कानाच्या पाळीएवढ्या पिशवीत, १४ बाय ९ मिलीमीटरची गुठळी. वय चाळिशीपुढचे म्हणून अँजिओग्राफी केली. हृदयधमन्या स्वच्छ आणि रक्तपुरवठा उजव्या धमनीच्या वर्चस्वाचा, म्हणजे हृदयाच्या मागच्या बाजूला रक्त उजव्या धमनीतून जाणारा. ही शेवटची नोंद अनेकदा नजरेतून सुटते. पुढे एका रेषेची जागा तिच्यावरच ठरणार होती.

फुग्याने का भागले नाही

अरुंद मायट्रल झडप म्हटली की पहिला विचार नळीतून नेलेल्या फुग्याने ती रुंद करण्याचा, बीएमव्हीचा, आणि तो योग्यच आहे. जपानी शल्यविशारद कांजी इनोउए यांच्या फुग्याने १९८४ पासून असंख्य रुग्णांची छाती न उघडता झडप मोकळी केली आहे. पण त्यासाठी झडप लवचिक हवी, गळती फारशी नको आणि कर्णिकेत गुठळी नको. इथे तिन्ही अटी मोडत होत्या. नुसती गुठळीच असती तर दोन-तीन महिने आयएनआर नीट राखून पुन्हा टीईई करता आली असती. ११ गुणांच्या, गळक्या झडपेला तो मार्ग उरला नव्हता.

शॉक देऊन ठोका नियमित करावा, तर गुठळी सुटण्याचा धोका. शिवाय झडप अरुंद आहे तोवर कर्णिकेवरचा दाब तसाच राहणार आणि एएफ परतणार. फ्रॅमिंगहॅमच्या जुन्या पाहणीत ऱ्हुमॅटिक झडपरोगासह एएफ असणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे १७ पट, तर झडपरोगाविना एएफ असणाऱ्यांत सुमारे ५ पट आढळला होता. आपल्याकडे 'एएफ' या एकाच शब्दात ही दोन्ही दुखणी कोंबली जातात आणि तिथेच घोटाळा होतो. मध्यम वा तीव्र मायट्रल अरुंदपणा असेल तर पक्षाघाताच्या धोक्याचे गुण मोजणारे तक्ते बघत बसायचे नसते, रक्त पातळ करायचेच असते. त्यातही औषध जुनेच हवे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत २४ देशांतले ४,५०० हून अधिक ऱ्हुमॅटिक एएफचे रुग्ण होते. रिव्हरॉक्साबान या नव्या गोळीपेक्षा वॉरफरीन गटातल्या औषधांवर (असेनोकुमारॉल याच गटातली) मृत्यू कमी झाले. तपासणीची कटकट वाचते म्हणून अशा रुग्णाला नवी गोळी लिहून देणे हे त्याच्या हिताचे नाही.

झडपेची शस्त्रक्रिया ठरली. मग प्रश्न आला एएफचा.

मेझची कल्पना

एएफमध्ये कर्णिकेत विजेच्या लहरी सैरावैरा फिरतात, एकमेकींच्या शेपटीमागे गोल गोल धावतात. जखमेचा व्रण वीज वाहून नेत नाही. या साध्या गोष्टीवर अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे डॉ. जेम्स कॉक्स यांनी शस्त्रक्रिया उभी केली आणि सप्टेंबर १९८७ मध्ये ती पहिल्यांदा रुग्णावर केली. कर्णिकेत ठरावीक जागी चिरा देऊन त्या शिवायच्या. व्रणांच्या भिंती अशा उभ्या राहतात की लहरीला गोल फिरायला जागाच उरत नाही, ठोका जिथे उमटतो त्या सायनस गाठीपासून तो खाली जवनिकांकडे सोडणाऱ्या एव्ही गाठीपर्यंत एकच वाट मिळते आणि वाटेतल्या कर्णिकेचा प्रत्येक भाग आकुंचन पावतो. भुलभुलैयासारखी वाट म्हणून नाव मेझ. कापून-शिवून करायची तिसरी आवृत्ती परिणामकारक होती, पण लांबलचक आणि रक्तस्रावाची. २००२ पासून बहुतेक चिरांची जागा रेडिओलहरींच्या उष्णतेने आणि क्रायोच्या गारठ्याने घेतली. तीच कॉक्स-मेझ चार.

शेताला पाणी देणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बांध शंभर फूट घातला आणि बोटभर भगदाड राहिले, तर पाणी तिथूनच शेजारच्या वाफ्यात उतरणार. कर्णिकेतल्या रेषेत एखाद-दीड मिलीमीटर जिवंत स्नायू राहिला तरी लहर तिथून पलीकडे जाऊ शकते. ते निमुळते भगदाड लहरीला एका ठरावीक चकरीत फिरवते, आणि अनियमित एएफच्या जागी तासन्‌तास न थांबणारे नियमित एट्रियल फ्लटर उभे राहते. नाडी १४० वर अडकून बसते, औषधांना दाद देत नाही. अर्धवट रेष ही रेष नसण्यापेक्षा वाईट, असे आमचे ठाम मत आहे. वेळ नसेल, साधन नसेल, तर फुफ्फुसशिरांभोवतीचे पूर्ण वेढे आणि अपेंडेज एवढेच करावे. मायट्रल कड्याकडे जाणारी रेष घाईने ओढून मध्येच सोडू नये.

या बाईंना मेझचा फायदा होईल का, हे तीन गोष्टींवर तोलले. एएफ निदान तीन वर्षांचे, दहा वर्षांचे नव्हे. कर्णिका ५८ मिलीमीटर, मोठी पण अगदी अवाढव्य नाही. ६० च्या पुढे यशाची शक्यता उतरत जाते. ईसीजीच्या व्ही-१ पट्टीत एएफच्या लहरींची उंची साधारण दीड मिलीमीटर. लहरी जवळजवळ सपाट असत्या तर स्नायूची जागा व्रणाने घेतली असे समजून मेझ टाळला असता. अगदी बारीक लहरी, अवाढव्य कर्णिका आणि जुनाट एएफ हे तिन्ही एकत्र असताना मेझचा हट्ट धरला तर हृदय थांबवून ठेवण्याचा वेळ तेवढा वाढतो.

पुरावा काय सांगतो, तेही नातेवाइकांपुढे ठेवले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत मायट्रल शस्त्रक्रिया होत असलेले, सततच्या एएफचे २६० रुग्ण होते. सहाव्या आणि बाराव्या अशा दोन्ही महिन्यांत एएफमुक्त राहिलेले: अ‍ॅब्लेशन (मेझसारख्या व्रणरेषा) केलेल्यांत ६३.२ टक्के, न केलेल्यांत २९.४ टक्के. पण कायमचा पेसमेकर लागण्याचे प्रमाण दर १०० रुग्णवर्षांमागे २१.५ विरुद्ध ८.१. वर्षभरातल्या मृत्यूंत लक्षणीय फरक नाही. त्यात ऱ्हुमॅटिक रुग्ण थोडे होते, म्हणून हे आकडे आपल्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ऱ्हुमॅटिक कर्णिकेत स्नायूची जागा व्रणाने जास्त घेतलेली असते. त्यामुळे नातेवाइकांना सांगितले ते असे: ठोका परत येण्याची शक्यता चांगली आहे, खात्री नाही, आणि पेसमेकरची तयारी मनात ठेवा.

कोणती झडप

इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो: मेझने ठोका नियमित झाला की रक्त पातळ करण्याची गोळी सुटेल. धातूची झडप बसली तर गोळी जन्मभर आहे, ठोका कसाही असो. प्राण्याच्या ऊतींची झडप बसवली तर पुढे गोळी सुटण्याची किंवा नव्या गोळीवर जाण्याची शक्यता राहते, पण ४६ व्या वर्षी मायट्रल जागेवर ती झडप झिजते आणि पुन्हा छाती उघडण्याची वेळ येते. आयएनआर तपासणीची परवड पाहता ऊतींच्या झडपेचा मोह होता. शेवटी निर्णय धातूच्या दोन पाळ्यांच्या २७ मिलीमीटर झडपेचा झाला, कारण दुसरी शस्त्रक्रिया या घराला परवडणारी नव्हती आणि आयएनआरची सोय जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लावून देता आली. वेगळ्या घरात वेगळा निर्णय बरोबर ठरला असता. मेझ करणार आहोत म्हणून ऊतींची झडप निवडणे मात्र चूक. मेझ फसला तर दोन्हीकडून नुकसान.

खर्चाचेही आधी स्पष्ट केले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनेतली मंजुरी झडपेच्या शस्त्रक्रियेला धरून घेतलेली असते. मेझचा क्लॅम्प, म्हणजे रेषा भाजणारा चिमटा, एकदाच वापरायचा आणि महाग असतो. तो त्यात बसतो का, हे भरतीच्या आधी लेखी विचारून घ्यावे. ऐन वेळी क्लॅम्प नाही म्हणून अर्ध्या रेषा ओढल्या जाणे, हे सर्वांत वाईट.

शस्त्रक्रिया: क्रम हाच जीव

असेनोकुमारॉल तीन दिवस आधी थांबवून रक्त पातळ ठेवणारे हेपारिन सुरू केले. गुठळी असल्याने तो मधला काळ कोरडा ठेवायचा नव्हता.

छातीचे हाड मधोमध उघडून, वरच्या आणि खालच्या महाशिरांत वेगवेगळ्या नळ्या घालून हृदय-फुफ्फुस यंत्र लावले. हेपारिन किलोमागे ४०० युनिट, एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ४८० सेकंदांच्या वर. एरवी उजव्या बाजूच्या फुफ्फुसशिरांचा वेढा धडधडत्या हृदयावरच उरकता येतो. इथे नाही. गुठळी आत असताना डाव्या कर्णिकेला बोटही लावायचे नाही. आधी महाधमनीला क्लॅम्प, मग हृदय थांबवणारे द्रावण, कार्डिओप्लेजिया, किलोमागे २० मिली म्हणजे जवळपास एक लिटर. हृदय थांबल्यावरच डावी कर्णिका दोन्ही कर्णिकांमधल्या खाचेतून उघडली. गुठळी अपेंडेजच्या तोंडाशी होती, पिवळसर-तांबूस, एका बाजूने भिंतीला घट्ट आणि दुसऱ्या बाजूने शेपटीसारखी मोकळी. ती शेपटीच भाकरी थापताना हात लुळा करून गेली असणार. ती चिमट्याने तुकडा न पडू देता उचलली आणि कर्णिका गार सलाईनने तीनदा धुतली.

मग रेषा, झडपेच्या आधी. हा क्रम उलटा केला तर काय होते ते जाणणारा तो कधी उलटा करत नाही. डाव्या फुफ्फुसशिरांना वेढा घालायला हृदय उचलून वळवावे लागते. आत कडक झडप शिवलेली असताना हृदय उचलले की झडपेची कडा मागच्या भिंतीत रुतते, कर्णिका-जवनिकेमधली खोबण फाटते आणि तो रक्तस्राव बहुतेक वेळा आटोक्यात येत नाही.

हृदय उचलून डाव्या शिरांजवळची पट्टी, मार्शलचा अस्थिबंध, कापला, डाव्या दोन्ही फुफ्फुसशिरांच्या मुळाशी, शिरेवर नव्हे तर कर्णिकेच्या बाजूला, द्विध्रुवी रेडिओलहरींचा क्लॅम्प लावला. क्लॅम्प शिरेवर सरकला तर पुढे शीर आक्रसते. यंत्र ऊतीतून जाणारा प्रवाह मोजते आणि स्नायू आरपार भाजला गेल्याचा इशारा देते. त्या इशाऱ्यावर एकदाच विसंबू नये. जाड ऱ्हुमॅटिक भिंतीवर क्लॅम्प न सोडता तीनदा, मग किंचित सरकवून पुन्हा दोनदा. दर दोन-तीन वेळांनंतर जबडे बाहेर काढून ओल्या गॉजने पुसले; त्यांवर काळी जळकी पापडी बसते, ती प्रवाह अडवते आणि यंत्राला वाटते काम झाले. उजव्या शिरांचेही तसेच.

पुढे कर्णिकेच्या छेदाच्या वरच्या टोकापासून डाव्या शिरांपर्यंत छताची रेष आणि खालच्या टोकापासून तळाची रेष, क्लॅम्पचा एक जबडा आत, एक बाहेर. चारही शिरा आणि मागची भिंत आता एका बंद पेटीत आली. या जागा महत्त्वाच्या का, हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या अभ्यासाने दाखवले: एएफ पेटवणारे ठोके बहुतेकदा फुफ्फुसशिरांतूनच सुटतात. मागच्या भिंतीला लागूनच अन्ननलिका असते. म्हणून तिथे एकध्रुवी उष्णता टाळली. तिने अन्ननलिका भाजून दोन-तीन आठवड्यांनी छिद्र पडल्याच्या, बहुधा जिवावर बेतणाऱ्या घटना नोंदलेल्या आहेत.

मग सर्वांत अवघड रेष: खालच्या छेदापासून मायट्रल कड्यापर्यंत. शेवटच्या एक-दीड सेंटीमीटरवर चरबीने भरलेली खोबण येते. तिथे क्लॅम्प पोहोचत नाही, आणि त्या चरबीत एका बाजूला सर्कमफ्लेक्स ही डावी हृदयधमनी, दुसऱ्या बाजूला कोरोनरी सायनस ही हृदयाची मोठी शीर. म्हणूनच अँजिओग्राफीतली ती नोंद जपून ठेवायची. उजव्या वर्चस्वाच्या हृदयात सर्कमफ्लेक्स कड्याच्या मागच्या भागापर्यंत येत नाही. त्यामुळे रेष मागच्या पाळीच्या मधल्या आणि आतल्या भागांच्या सांध्यावर उतरवली. डाव्या वर्चस्वात हीच रेष धमनीवर पडली असती. कड्याशी क्रायोप्रोब, म्हणजे गोठवणारी दांडी, आतून लावला. टोक उणे ६० अंशांखाली गेल्यावर घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटे. मग त्याच जागी बाहेरून कोरोनरी सायनसवर तेवढाच वेळ. बाहेरचा हा गारठा विसरला जातो, आणि सायनसच्या स्नायूतून लहर रेषेला वळसा घालून जाते. मेझनंतरच्या फ्लटरचे हे एक ठरलेले उगमस्थान आहे. प्रोब बर्फ पूर्ण वितळेपर्यंत ओढायचा नाही, नाही तर ऊती सोलून निघते.

अपेंडेज कापून टाकले. बुंध्यातून डाव्या वरच्या शिरेपर्यंत एक छोटी रेष दिली आणि तोंड ४-० पॉलिप्रोपिलिनच्या दोन थरांनी शिवले. आतून नुसती गोल शिवण घालून बंद करण्याची पद्धत सोपी, पण बेभरवशाची. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या पाहणीत कापून काढलेल्यांत ७३ टक्के बंद राहिले होते, टाक्याने बंद केलेल्यांत फक्त २३ टक्के. अर्धवट बंद पिशवीत रक्त आणखी साकळते. २०२१ च्या लाओस-थ्री चाचणीत अपेंडेज बंद केलेल्यांत पक्षाघात वा गुठळी ४.८ टक्के, न केलेल्यांत ७.० टक्के होती, बहुतेक जण रक्त पातळ करणारे औषध घेत असतानाही. धातूची झडप बसलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते. तरी या बाईंची गुठळी त्याच पिशवीत सापडली होती, आणखी कारण शोधायला नको.

यानंतर झडप. पुढची पाळी काढली, मागची शक्य तेवढी दोऱ्यांसह राखली. ते दोरे जवनिकेचा आकार सांभाळतात. मग महाधमनीवरचा क्लॅम्प सोडला. धडधडत्या हृदयावर उजव्या बाजूच्या रेषा केल्या: दोन्ही महाशिरांकडे, मुक्त भिंतीवर, आणि ट्रायकस्पिड कड्याकडे क्रायोने. वरच्या महाशिरेच्या तोंडाशी रेष मागच्या-बाहेरच्या अंगानेच नेली; पुढच्या अंगाला सायनस गाठ असते. ट्रायकस्पिड कडे ४० मिलीमीटरच्या पुढे ताणलेले असल्याने २८ मिलीमीटरची रिंग शिवली.

उजव्या बाजूच्या रेषा हव्यातच का, यावर मतभेद आहेत. २०१५ च्या त्या चाचणीत फक्त शिरांचे वेढे आणि दोन्ही कर्णिकांचा पूर्ण मेझ यांत फरक दिसला नव्हता, ६१ विरुद्ध ६६ टक्के. पण तो फरक पकडायला गट लहान होते. इथे ट्रायकस्पिडसाठी उजवी कर्णिका उघडावी लागणारच होती, ती ताणलेलीही होती, म्हणून पूर्ण मेझ केला. पेसमेकरचा वाढता धोका ही त्याची किंमत.

उजव्या शिरांतून पेसिंग, म्हणजे विजेचे हलके ठोके, देऊन पाहिले: कर्णिका पकडली गेली नाही, म्हणजे वेढा पूर्ण. डाव्या शिरांची ही परीक्षा झडप बसल्यावर हृदय उचलल्याशिवाय होत नाही, म्हणून ती सोडली. तिथे क्लॅम्प पाच वेळा लावला होता त्याचे कारण हेच. महाधमनीवरच्या क्लॅम्पचा वेळ १०८ मिनिटे, त्यात मेझचा वाटा अर्ध्या तासाच्या आत.

नंतरचे दिवस

हृदय सुरू झाले ते ५२ च्या जंक्शनल ठोक्याने, म्हणजे सायनस गाठीऐवजी एव्ही गाठीजवळून उठणाऱ्या ठोक्याने. ईसीजीत कर्णिकेच्या ठोक्याची खूण असलेली पी-लहर नाही. हे अपेक्षित. कर्णिका आणि जवनिका दोन्हींवर तात्पुरत्या तारा शिवलेल्या असल्या तर इथे घाबरायचे कारण नसते. ९० वर दोन्ही कप्प्यांचे पेसिंग चालू ठेवले. नुसत्या जवनिकेवर तार घालून कर्णिकेची वाचवणे ही खोटी काटकसर आहे. तिसऱ्या दिवशी पेसिंग थांबवून पट्टी काढली: व्ही-१ मध्ये, तीन वर्षांत पहिल्यांदा, जवनिकेच्या प्रत्येक ठोक्याच्या, क्यूआरएसच्या, आधी एक बुटकी, रुंद, पण ठरलेल्या अंतरावर येणारी पी-लहर. ठोके ६६. कायमच्या पेसमेकरचा निर्णय निदान आठवडाभर लांबवावा तो यासाठीच.

चौथ्या दिवशी एएफ परतले, १३० च्या वेगाने. मेझ फसला असे नातेवाइकांना वाटणे साहजिक होते. पहिल्या तीन महिन्यांत सूज आणि ताज्या जखमांमुळे असे ठोके अनेकांना येतात. त्यावरून यशापयश ठरवत नाहीत. ठोका ताळ्यावर आणणारे अमिओडॅरोन शिरेतून १५० मिलिग्रॅम, मग २४ तास सावकाश, नंतर गोळ्या. दुसऱ्या दिवशी ठोका जागेवर.

चूक पुढे झाली. अमिओडॅरोन असेनोकुमारॉलचा जोर वाढवते आणि डिगॉक्सिनची रक्तातली पातळीही चढवते. डिगॉक्सिन लगेच बंद केले गेले, पण असेनोकुमारॉल शस्त्रक्रियेआधीच्याच २ मिलिग्रॅमवर सुरू राहिली. आठव्या दिवशी आयएनआर ५.१. रक्तस्राव नव्हता, म्हणून असेनोकुमारॉलचा उतारा असलेले व्हिटॅमिन के दिले नाही. धातूच्या झडपेत ते दिल्यावर पुढे कित्येक दिवस रक्त पातळ होत नाही. दोन डोस थांबवले, रोज तपासणी केली आणि १ मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू केली. त्या दिवशी लगोलग इकोही केला. या टप्प्यावर चढलेला आयएनआर हृदयाभोवती हळूहळू रक्त साठवतो आणि रुग्ण 'जेवण जात नाही, गळल्यासारखे वाटते' एवढेच सांगतो. सुदैवाने तिथे पातळ थरापलीकडे काही नव्हते. अमिओडॅरोन लिहिताना त्याच ओळीत असेनोकुमारॉलचा डोस तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने उतरवायचा आणि दोन-तीन दिवसांत आयएनआर बघायचा, असा नियम ठेवला असता तर हे टळले असते.

अंगावर पाणी चढले, वजन तीन किलोंनी वाढले. मेझनंतर हेही नेहमीचे. कर्णिकेतून स्रवणारे, लघवी वाढवणारे संप्रेरक घटते. फ्युरोसेमाइड दिवसातून दोनदा ४० आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ वर आठवड्यात उतरले.

वर्षभराचा हिशोब

सातव्या आठवड्यात बाई परत आल्या: नाडी १४२, नियमित, धाप. ईसीजीत दोनास एक फ्लटर, म्हणजे कर्णिकेच्या दर दोन ठोक्यांमागे जवनिकेचा एक. गेल्या तीन आठवड्यांचे सगळे आयएनआर २.५ च्या वर होते, वहीत तारखांसकट लिहिलेले. त्यामुळे टीईईशिवाय भूल देऊन १०० जूलचा समकालित शॉक दिला आणि ठोका परतला. ती वही नसती तर आणखी एक तपासणी, आणखी एक दिवस गेला असता. हेच फ्लटर तीन महिन्यांनंतर पुन्हा येते तर ईपी अभ्यास, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटांची आतून तपासणी, करून, मायट्रल कड्याकडच्या रेषेत भगदाड राहिले आहे का ते शोधून कॅथेटरने बुजवायचे असे ठरले होते. ते आले नाही.

तीन महिन्यांनी अमिओडॅरोन थांबवली. थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या ठीक. गोळी थांबताच असेनोकुमारॉलचा डोस पुन्हा हळूहळू वाढवावा लागला. अमिओडॅरोन शरीरातून उतरायला आठवडे-महिने लागतात, म्हणून या काळात आयएनआर दर आठवड्याला.

बाराव्या महिन्यात २४ तासांचे होल्टर, म्हणजे सलग ईसीजीची नोंद: सायनस ठोका, सरासरी ७४, ३० सेकंदांपेक्षा लांब एएफ किंवा फ्लटर नाही. डावी कर्णिका ५८ वरून ५०. पक्षाघाताची पुनरावृत्ती नाही. दोन उशांची एक उशी झाली, कळशी परत कमरेवर आली.

गोळी चालूच आहे, आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये, दर चार आठवड्यांनी ग्रामीण रुग्णालयात. पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी. झडप बदलली म्हणून ते थांबत नाही. मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट कशी मोजायची हे बाईंना आणि त्यांच्या सुनेला शिकवले आहे. ती १२० च्या वर अडकली किंवा एका ठोक्याचा दुसऱ्याला मेळ राहिला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी ईसीजी काढायचा आणि वही सोबत आणायची.